पाय अडतात तिथे ताल : पार्किन्सन्स आणि नृत्य

पुण्याच्या मिलेहा सोनेजी डिझाइनचं शिक्षण घ्यायला नेदरलँड्सला गेल्या होत्या. त्यांच्या काकांना पार्किन्सन्स हा मेंदूचा आजार होता. सपाट जमिनीवर हे काका वॉकर धरून, पाय घासत चालायचे. पण जिना आला की वॉकर बाजूला ठेवून सराईतपणे पायऱ्या उतरायचे. पायऱ्या संपून सपाट जमीन लागली की पुन्हा पाय अडायचे, पुन्हा वॉकर. सोनेजींनी मग एक साधी गोष्ट करून पाहिली. जमिनीवर पायऱ्यांचं असं चित्र पसरलं, की वरून बघताना खरा जिनाच आहे असं वाटावं. काका त्या चित्रावरून न अडता चालत गेले. २०१५ साली एका जाहीर व्याख्यानात त्यांनी हा अनुभव सांगितला.

याच जातीचा आणखी एक अनुभव नेदरलँड्समधलेच मेंदूविकारतज्ज्ञ बास ब्लूम यांनी २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्यांचा ५८ वर्षांचा रुग्ण दोन-चार पावलं टाकली की पडायचा, पण सायकलवर बसवला की तोल सांभाळत, वळणं घेत व्यवस्थित फेरी मारून यायचा. सायकलवरून उतरला की पाय पुन्हा जागच्या जागी खिळायचे. इटलीतले डॉक्टर दानिएले व्होल्पे यांना तर आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात संगीताच्या बैठकीत असा एक माणूस दिसला, की ज्याला धड चालता येत नव्हतं, पण पारंपरिक आयरिश नाच सुरू झाला की त्याची पावलं बरोबर पडत होती.

ज्यांच्या घरात पार्किन्सन्सचा माणूस आहे त्यांना यात फारसं नवल वाटणार नाही. ‘मघाशी तर चालत होते, आता का नाही चालत?’ हा प्रश्न त्या घरात रोज पडतो. पुष्कळदा त्याचं उत्तर ‘मुद्दाम करतात’ किंवा ‘कंटाळा करतात’ असं काढलं जातं आणि रुग्णाच्या मनाला ते फार लागतं. खरं उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. ते समजलं की पार्किन्सन्सवर नृत्याचा उपयोग का होतो तेही समजतं.

बिघाड नेमका कुठे होतो

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून या आजाराचं पहिलं नेमकं वर्णन लिहिलं. त्यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, हा आता जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात या आजाराचे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते.

मेंदूच्या आत खोलवर ‘सब्स्टान्शिया नायग्रा’ नावाचा काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो. या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात आणि शेजारच्या ‘बेसल गँग्लिया’ या भागाला पुरवतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. हाताचा कंप किंवा चालीतला मंदपणा जाणवून माणूस डॉक्टरांकडे जातो तोवर यातल्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून अधिक, पेशी गेलेल्या असतात. बऱ्याच जणांना त्याआधी कित्येक वर्षं वास कळेनासा झालेला असतो, बद्धकोष्ठता असते, झोपेत हातपाय झाडणं सुरू झालेलं असतं. तेव्हा या गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

बेसल गँग्लियाची कामं अनेक आहेत, पण आपल्या विषयासाठी एक महत्त्वाचं. ज्या हालचाली आपण लक्ष न देता करतो त्या सुरळीत चालू ठेवणं, त्यांचा आकार आणि वेग राखणं, आणि एक हालचाल संपली की पुढची सुरू करून देणं. उठणं, चालणं, वळणं, चालताना हात हलवणं, बोलताना चेहऱ्यावर भाव येणं, सही करणं यांचा आपण कधी विचार करत नाही. डोपामिन कमी पडलं की नेमक्या याच गोष्टी बिघडतात. पाऊल आखूड पडतं. अक्षर बारीक होत जातं. आवाज खाली जातो. चेहरा कोरा दिसतो आणि नातेवाईक म्हणतात, ‘हल्ली कशातच रस घेत नाहीत.’ दारातून आत शिरताना, वळताना, गर्दीत किंवा फोनची घंटी वाजल्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. डॉक्टर याला फ्रीझिंग म्हणतात.

एक गैरसमज इथेच दूर व्हायला हवा. या माणसाच्या पायातली ताकद गेलेली नसते. अंग ताठरतं, पण अर्धांगवायूसारखं लुळं पडत नाही. हालचाल आपोआप सुरू करून देणारी आतली यंत्रणा मंदावलेली असते. पण हालचाल सुरू करण्याचा तो काही एकमेव मार्ग नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे बंद पडला तर जुन्या खंडाळा घाटाने जाता येतं, तसं मेंदूतही आहे. डोळ्यांना पायरी दिसली, जमिनीवर आखलेली रेघ दिसली, कानावर ठेका पडला किंवा ‘आता मी मोठं पाऊल टाकणार’ असं मनाशी स्पष्टपणे म्हटलं, तर हालचालीचा हुकूम वेगळ्या वाटेने निघतो. या वाटेत मेंदूच्या पुढच्या भागातली हालचालींची आखणी करणारी क्षेत्रं, बघण्या-ऐकण्याची केंद्रं आणि लहान मेंदू यांचा सहभाग जास्त असतो. पार्किन्सन्समध्ये ही क्षेत्रं तुलनेने शाबूत असतात. या वाटेने जायला लक्ष जास्त द्यावं लागतं आणि दमायलाही होतं, पण मुक्कामाला पोचता येतं. त्या काकांना पायऱ्यांवर जमत होतं आणि फरशीवर नाही, ते यामुळेच.

ठेका काय करतो

बाहेरून मिळणाऱ्या या इशाऱ्यांमध्ये ठेक्याचा अभ्यास सगळ्यात जास्त झाला आहे. अमेरिकेत कोलोराडोमध्ये मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पार्किन्सन्सच्या रुग्णांना ठळक ठोक्यांचं संगीत ऐकत रोज चालायला लावलं. तीन आठवड्यांत त्यांच्या चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला आणि पाऊलही लांब पडू लागलं.

ठेक्याचं वैशिष्ट्य असं, की तो पुढचा क्षण आधीच सांगून ठेवतो. ‘धा धिन् धिन् धा’ ऐकताना पुढची मात्रा कधी येणार हे आपल्याला ती येण्याआधी ठाऊक असतं. त्यामुळे पाऊल कधी उचलायचं हा निर्णय त्या माणसाला एकट्याने आतून घ्यावा लागत नाही. आणि हे घडायला संगीताचं शिक्षण लागत नाही. ताल ऐकला की मेंदूचा हालचालींचा भाग जागा होतोच, मग आपण खुर्चीत स्वस्थ बसलेलो का असेना. आरती सुरू झाली की टाळ्या कुणाला शिकवाव्या लागत नाहीत.

ठेकाच पुरे असेल तर मोबाइलवरचं मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं साधन, लावून चाललं की काम झालं, नाच कशाला हवा, असं कुणी विचारेल. चालण्याच्या सरावासाठी मेट्रोनोम चांगलाच उपयोगी आहे. पण दिवसभराचं जगणं सरळ रेषेत चालण्याने भागत नाही. स्वयंपाकघरात ओट्याकडून फ्रिजकडे वळावं लागतं, मागे सरावं लागतं, खाली वाकून वस्तू उचलावी लागते, समोरून कुणी आलं तर थबकून पुन्हा निघावं लागतं. पार्किन्सन्सचे रुग्ण पडतात ते बहुतेक वेळा अशाच जागी. आणि नाचात याच सगळ्या गोष्टी येतात : वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, बाजूला आणि मागे पाऊल टाकणं, वळणं, थांबणं आणि समेवर पुन्हा सुरू करणं.

शिवाय पुढची हालचाल कोणती हे लक्षात ठेवावं लागतं, शेजारच्याशी जुळवून घ्यावं लागतं, समोरच्याकडे बघून शिकावं लागतं. शरीर, स्मरणशक्ती, डोळे, कान, सगळे एकाच वेळी कामाला लागतात. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पार्किन्सन्समध्ये हालचाल लहान होत जाते आणि ती लहान झाली आहे हे त्या माणसाला स्वतःला कळतही नाही. ‘हात आणखी वर करा’ म्हटलं तर तो म्हणतो, ‘केला की.’ नृत्यशिक्षक तसं सांगत नाही. तो म्हणतो, ‘झाडाच्या शेंड्यावरचा आंबा काढा.’ हात आपसूक वर जातो, पाठ सरळ होते, टाचा उचलतात आणि नजर वर जाते.

ब्रुकलिन आणि पुणे

आज जगभर चालणाऱ्या बऱ्याच वर्गांचं मूळ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आहे. तिथल्या पार्किन्सन्स गटाच्या संस्थापक ओली वेस्टहायमर यांनी २००१ साली ‘मार्क मॉरिस डान्स ग्रुप’ या नामवंत नृत्यसंस्थेकडे एक विनंती केली : आमच्या लोकांना नृत्य शिकवा. व्यायाम नको आणि उपचारही नकोत, खरा नृत्यवर्ग हवा. व्यावसायिक नर्तक प्रत्येक हालचालीचा जाणीवपूर्वक विचार करतो, ती नजरेने, तालाने आणि कल्पनेने बांधतो. पार्किन्सन्सच्या माणसाला हेच कौशल्य हवं आहे, म्हणून त्याने ते त्यातल्या जाणकारांकडून शिकावं, असा त्यांचा विचार होता. डेव्हिड लेव्हेन्थल आणि जॉन हेगिनबॉथम या नर्तकांनी मोजक्या लोकांना घेऊन पहिला वर्ग चालवला. आज या पद्धतीने शिकवणारे वर्ग पंचवीसहून अधिक देशांत आहेत. लंडनच्या ‘इंग्लिश नॅशनल बॅले’नेही पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी स्वतःचा स्वतंत्र वर्ग उभा केला.

आपल्याकडे ही वाट पुण्यात रुजली. हृषीकेश पवार हे कथक शिकलेले नर्तक. जर्मनीत ड्रेस्डेनला समकालीन नृत्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि २०१० च्या सुमारास त्यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केला. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ तोवर चांगलं रुजलेलं होतं. या मंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. आयुष्यात कधी नाच न केलेले सत्तरीतले आजोबा-आजी, निवृत्त अधिकारी, शिक्षक या वर्गाला येऊ लागले. पुढे ११ एप्रिलच्या मेळाव्यात शुभार्थींनी रंगमंचावर नृत्य सादरही केलं. आपल्या मध्यमवर्गीय घरांत पुरुषाने वरात आणि गणपतीची मिरवणूक सोडून नाचणं आजही संकोचाचं मानलं जातं. त्या पिढीतल्या माणसांनी थरथरत्या हातांनी लोकांसमोर उभं राहणं ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. कंप लपवण्यासाठी हात खिशात घालून बसणारा, लग्नकार्याला जायचं टाळणारा माणूस तोच हात सगळ्यांसमोर उंच करतो.

वर्ग साधारण असा चालतो. सुरुवात खुर्चीवर बसून होते. निम्मा वेळ तरी बसूनच जातो, कारण पडायची भीती नसली की माणूस अंग मोकळं सोडतो. खांदे, मनगटं, बोटं, मान, पाठ, घोटे, सगळं संगीतावर हलवलं जातं. मग खुर्चीची पाठ धरून किंवा भिंतीलगतच्या दांडीला धरून उभं राहणं, वजन बदलणं, टाच-चवडा. त्यानंतर ज्यांना जमेल ते खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तालात चालत जातात. ज्यांना उभं राहणं शक्य नाही ते तीच रचना खुर्चीत बसून करतात. त्यांना कमी लेखलं जात नाही. शेवटी सगळे हात धरून गोल करतात आणि एकमेकांना नमस्कार करतात. मदतीला स्वयंसेवक असतात. शुभंकरही बाजूला बसून राहत नाही, तोही नाचतो. ज्या नवरा-बायकोचं बोलणं गोळ्यांच्या वेळा आणि ‘सांभाळून!’ एवढ्यावर आलेलं असतं, त्यांना तासभर दुसरं काहीतरी मिळून करायला मिळतं.

पुरावा किती भक्कम आहे

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. चमत्कारांचे व्हिडिओ फोनवर रोज येतात आणि पार्किन्सन्सच्या कुटुंबांची आशा विकून पैसा करणारे पुष्कळ आहेत.

अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मॅडलिन हॅकनी आणि गॅमन अर्हार्ट यांनी २००७ पासून अर्जेंटिनाच्या टँगो नृत्यावर अभ्यास केले. टँगोच का? त्यात जोडीदाराचा हात धरलेला असतो, मागे चालावं लागतं, मध्येच थांबून पुन्हा निघावं लागतं, म्हणजे पार्किन्सन्समध्ये जे जे अवघड ते सगळं आधारासह करावं लागतं. याच विद्यापीठात झालेला २०१२ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एक गट वर्षभर आठवड्यातून दोनदा टँगो करत होता, दुसरा आपलं नेहमीचं आयुष्य जगत होता. वर्षाअखेर औषधाचा असर नसताना तपासलं तेव्हा नाचणाऱ्यांच्या हालचालींच्या लक्षणांचे गुण २८ टक्क्यांहून अधिक सुधारले होते, दुसऱ्या गटात फरक पडला नव्हता.

टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या जोसेफ डिसूझा आणि कॅरोलिना बेअर्स यांचा अभ्यास २०२१ साली आला. सौम्य पार्किन्सन्स असलेले १६ जण तीन वर्षं आठवड्यातून एकदा, सव्वा तासाच्या नृत्यवर्गाला येत होते. नृत्य न करणाऱ्या तशाच १६ रुग्णांशी तुलना केली तेव्हा नाचणाऱ्यांची लक्षणं बरीच कमी वाढलेली दिसली. ही बातमी वर्तमानपत्रांत ‘नाचाने पार्किन्सन्स थांबतो’ अशा थाटात फिरली. तसं म्हणता येत नाही. माणसं थोडी होती आणि गट चिठ्ठ्यांनी पाडलेले नव्हते. जे आपण होऊन तीन वर्षं नेमाने वर्गाला येतात ते मुळातच अधिक उत्साही आणि अधिक आधार असलेले असू शकतात.

सगळ्यात व्यापक आढावा वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा. २०२३ साली त्यांनी दीडशेहून अधिक चाचण्या आणि जवळपास आठ हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली. निष्कर्ष असा, की हालचालींच्या लक्षणांवर नृत्याचा मध्यम प्रमाणात उपयोग होतो. चाल आणि तोल सुधारणाऱ्या व्यायामांचाही तसाच होतो. जीवनमानाच्या बाबतीत पाण्यातले व्यायाम वरचढ दिसले. एकंदरीत कोणत्याही एका प्रकाराला बाकीच्यांवर स्पष्ट सरशी सिद्ध करता आली नाही. नृत्यप्रेमींनी हे वाचून नाराज होऊ नये. माझ्या मते यात मोठा दिलासा आहे, कारण सगळेच व्यायाम कमी-अधिक उपयोगी असतील तर निवड माणसाच्या आवडीवर सोडता येते. फिजिओथेरपिस्टने लिहून दिलेला व्यायामाचा कागद फ्रिजवर लावलेला असतो आणि पंधरा दिवसांत तो करणं बंद पडतं. डोपामिनचा संबंध उमेदीशीही असल्यामुळे या आजारात ‘काही करावंसंच वाटत नाही’ हे लक्षण असतं, त्याला आळस म्हणणं चूक आहे. अशा माणसाला घराबाहेर काढायला ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि वाट बघणारी दहा माणसं लागतात.

नृत्याने काय होत नाही तेही सांगायला हवं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. आजार बरा होत नाही. डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळीची जागा नृत्य घेऊ शकत नाही. ‘आता नाचतो, मग गोळी कमी करू’ असं स्वतःच्या मनाने करणं धोक्याचं आहे. ही औषधं अचानक थांबवली तर गंभीर त्रास होऊ शकतो. वर्ग संपल्यावर चालणं सुधारलेलं दिसतं, पण सराव सुटला की फायदा ओसरतो. गोळीसारखाच नृत्याचाही डोस चालू ठेवावा लागतो.

आपल्या मातीतले नाच

टँगो आणि बॅलेवर अभ्यास झाले कारण अभ्यासक तिथले होते. मराठी घरातल्या माणसाने टँगोच शिकावा असं काही नाही. आपल्याकडच्या नृत्यप्रकारांवर तेवढे मोठे अभ्यास झालेले नाहीत, त्यामुळे पुढचं मी तत्त्वावरून लिहितो आहे.

कथकच्या तत्कारात, म्हणजे तालावर पाय आपटण्याच्या पदन्यासात, ठेका आणि पाऊल यांचं नातं थेट आहे. पाय आपटला की आवाज येतो आणि तो मात्रेवर पडला की नाही हे कानाला लगेच कळतं. विलंबित लयीतला तत्कार खुर्चीत बसूनही करता येतो. भरतनाट्यम् आणि कथकमधल्या हस्तमुद्रा बोटांना काम देतात. शर्टाची बटणं लावायला, पोळीचा तुकडा तोडायला लागतं ते बोटांचं वेगवेगळं चलन त्यात आहे. अभिनयाचा उपयोग तर आणखी खोल असू शकतो. भुवया, डोळे, ओठ जाणीवपूर्वक हलवण्याचा सराव कोऱ्या पडत चाललेल्या चेहऱ्याला हवाच असतो. हसरा माणूस घरच्यांना रागावलेला वाटू लागतो, नातवंडं जवळ यायला बिचकतात, हे दुःख त्या घरांनाच ठाऊक.

वारकऱ्यांची पाऊली डोळ्यांपुढे आणा. टाळांचा आवाज, पुढे-मागे, बाजूला पडणारी पावलं, एका पायावरून दुसऱ्यावर जाणारं वजन, बाजूला तेच करणारी माणसं, आणि ओठांवर लहानपणापासून पाठ असलेला अभंग. शिवाय खाली जाणाऱ्या आवाजाला मोठ्याने गाण्याचा व्यायामही होतो. लेझीम शाळेत खेळलेला माणूस सत्तरीतही तिचे हात विसरत नाही. मात्र मूळचा लेझमीचा वेग आणि त्यातलं वाकणं सगळ्यांना झेपणारं नाही, हलगीची लय उतरवून घ्यावी लागते. फुगडी टाळावी, तोल जाणाऱ्यांसाठी ती धोक्याची आहे. गरब्यातल्या गिरक्याही तशाच, पण गोल करून टाळ्या देत चालण्याचा संथ गरबा छान चालतो. गाणी त्या माणसाच्या तरुणपणातली घ्या. आठवणीतल्या गाण्याची पुढची ओळ माहीत असते, म्हणून पुढचं पाऊलही आधीच तयार असतं.

सुरू करायचं असेल तर

आधी मेंदूविकारतज्ज्ञाशी बोला. हृदयविकार, ठिसूळ हाडं, गुडघ्याची शस्त्रक्रिया, मेंदूला विजेचे सौम्य इशारे देणारं, शस्त्रक्रियेने बसवलेलं डीबीएसचं यंत्र, वारंवार पडणं यातलं काही असेल तर काय टाळायचं हे तेच सांगतील. फिजिओथेरपिस्ट तोल तपासून उभं राहून करायचं की बसून, हे ठरवून देतील.

वेळ गोळीच्या हिशेबाने ठरवा. बहुतेकांना लेव्होडोपाचा असर साधारण अर्ध्या ते एक तासात जाणवू लागतो. त्या ‘ऑन’ काळात वर्ग बसला तर शिकणं सोपं जातं. दूध, डाळ, अंडी असं प्रथिनांचं जड खाणं गोळीबरोबर घेतलं तर काहींमध्ये असर उशिरा येतो, त्यामुळे वर्गाच्या दिवशी खाण्याची वेळ डॉक्टरांना विचारून ठेवावी. वर्ग चालू असताना असर उतरला तर ओढून-ताणून पुढे न जाता बसून करावं.

खुर्ची जड, हात असलेली आणि चाकं नसलेली हवी. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची आधार धरला की मागे कलंडते. गालिचे, वायरी, ओली फरशी बाजूला करा. बुटाचा तळ निसरडा नको, पण फार घट्ट पकडणारा रबरी तळही नको, कारण ज्यांचे पाय चिकटतात त्यांचा तो आणखी अडतो. बसल्यावरून एकदम उठू नये. या आजारात आणि त्याच्या औषधांमुळे रक्तदाब उभं राहताच उतरू शकतो आणि चक्कर येते. वळायचं तर एका पायावर गर्रकन नको, चार-पाच पावलांत मोठं वळण घ्या. गाण्याची लय माणसाच्या नेहमीच्या चालीच्या आसपास ठेवा. ठेका फार जलद झाला तर पावलं आखूड होत पुढे धावू लागतात आणि तोल जातो.

पाय चिकटले तर ओढू नका, ढकलू नका, ‘चला चला’ करू नका. थांबा, श्वास घ्या, वजन डावीकडे-उजवीकडे झुलवा, ‘एक, दोन, आणि’ म्हणून मोठं पाऊल टाका. वर्गात शिकलेलं हे घरातही चालतं. न्हाणीघराच्या दारात अडकलेल्या माणसाला आवडत्या गाण्याची एक ओळ गुणगुणून बाहेर काढणारे शुभंकर आहेत.

जवळ वर्ग नसेल तर आधी आधारगट शोधा. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. मुंबईत २००१ पासून ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ काम करते आणि तिचे गट इतर शहरांतही भरतात. ब्रुकलिनच्या वर्गांचे व्हिडिओ इंटरनेटवर बघायला मिळतात. आणि गावातच एखादी कथक किंवा भरतनाट्यम् शिकवणारी ताई असेल तर तिला जाऊन भेटा. आजाराबद्दलची माहिती तिला फिजिओथेरपिस्टकडून मिळेल, पहिले काही वर्ग त्यांनी मिळून घ्यावेत. तिला आवर्जून सांगायच्या गोष्टी दोनच. एक, हे विद्यार्थी सूचना ऐकल्यावर हालचाल सुरू करायला वेळ घेतात, तेवढं थांबायचं. दोन, चेहऱ्यावर दाद दिसली नाही तरी त्यांना आवडत नाहीये असं समजायचं नाही, वर्ग संपल्यावर विचारायचं.